आयरिश चांदी जमवायची आहे? चमच्यापासून सुरुवात करा

पहिलीच खरेदी म्हणून चहाची किटली घ्यावीशी वाटते, हे समजू शकतो. पण जरा थांबा. आधी अठराव्या शतकाच्या अखेरचा डब्लिनचा एक टेबलस्पून घ्या. पैसे कमी अडकतात आणि शिकायचं बरंचसं त्या एका दांडीवर सापडतं.

दहापट भिंगातून दांडीच्या मागच्या बाजूचे ठसे बघा. मुकुट घातलेला हार्प (वीणेसारखं तंतुवाद्य) म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी. बसलेली स्त्री म्हणजे हायबर्निया, आयर्लंडचं स्त्रीरूप प्रतीक. नवखे तिला हमखास इंग्लंडची ब्रिटानिया समजतात. १८०७ ते १८९० या काळातल्या कामावर राजाच्या किंवा राणीच्या मस्तकाचा ठसाही येतो. कॉर्क, लिमरिक या आयरिश शहरांतल्या जुन्या कामावर मात्र बऱ्याचदा कारागिराच्या ठशासोबत नुसता ‘स्टर्लिंग’ शब्द असतो, म्हणून ते नकली ठरवू नका.

सुरुवातीच्या चुका साधारण याच:

- झिजलेला चमचा घेणं. टोक बोथट, एका बाजूने खाल्लेलं असेल तर सोडून द्या.
- खोडलेलं कुलचिन्ह न ओळखणं. दांडीवर तोंडाची वाफ सोडा, पुसट रेषा आणि डागडुजी दिसते. तिथे पत्रा बोटाला पातळ लागतो.
- फळांची नक्षी पाहून भुलणं. साध्या जुन्या चमच्यांवर ती व्हिक्टोरियन काळात मागाहून ठोकलेली असते.

आणि कृपा करून सारखं पॉलिश करू नका! दांडीवर जी मूळची बारीक, लखलखती कोरीव नक्षी असते, ती त्यानेच मरते. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं पुरे.

डिश रिंगकडे, म्हणजे टेबलावर भांडं ठेवायच्या चांदीच्या कड्याकडे, वर्षभर तरी वळू नका.