वाचकांचे प्रश्न : ‘सगळं नॉर्मल आहे’, मग धडधडतं का?

प्रश्न : अचानक छाती धडधडते, श्वास पुरत नाही, बोटांना मुंग्या येतात. ईसीजी दोनदा काढला, नॉर्मल आला. ‘पॅनिक अटॅक आहे, टेन्शन घेऊ नका’ असं सांगून घरी पाठवलं. काहीच नसेल तर एवढा त्रास का होतो?

उत्तर : ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला आजवर कुणाच्या उपयोगी पडल्याचं ऐकिवात नाही. तुमचा त्रास खरा आहे. संकटातून पळता यावं म्हणून शरीर ॲड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात सोडतं. नाडी वाढते, घाम फुटतो, श्वास जलद होतो. पॅनिक अटॅकमध्ये हे सगळं समोर संकट नसताना घडतं. जलद श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. तो घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकसतात, म्हणून गरगरतं. रक्तातलं मोकळं कॅल्शियमही उतरतं, म्हणून ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, कधी बोटं आखडतात. श्वास पुरत नाही असं वाटतं, तेव्हा बहुधा तो जास्तच होत असतो.

पुढचं काम आपण लावलेला अर्थ करतो. धडधड म्हणजे हृदयविकार, गरगर म्हणजे आता पडणार, असं वाटलं की आणखी ॲड्रेनलिन सुटतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये हेच चक्र मांडलं. पडण्याच्या भीतीबद्दल एवढंच : शुद्ध हरपते ती सहसा रक्तदाब एकदम उतरल्यावर, पॅनिकमध्ये तो बहुधा वाढलेला असतो. अटॅक साधारण १० मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरू लागतो.

थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि साखर एकदा तपासून घ्या. धडधड बटण दाबल्यासारखी सुरू आणि बंद होत असेल, तर हृदयाच्या तालातला दोष पाहावा लागतो. तो एरवीच्या ईसीजीत सापडेलच असं नाही. त्यासाठी २४ तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं, सतत ईसीजी टिपणारं छोटं यंत्र लावतात. श्रमानं छातीत दुखणं, दुखणं जबड्यात किंवा हातात जाणं, खरोखर शुद्ध हरपणं, यांपैकी काही झालं तर ‘पुन्हा पॅनिकच असेल’ म्हणत घरी थांबू नका.

प्रश्न : अटॅक आला की मी खोल खोल श्वास घेते, कागदी पिशवीतही घेऊन पाहिला. उलट जास्तच घाबरायला होतं.

उत्तर : पिशवी आधी बंद करा. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला, तर पिशवीमुळे ऑक्सिजन आणखी कमी पडतो. आणि तोंडानं ओढलेल्या मोठ्या श्वासांनी आधीच घटलेला कार्बन डायऑक्साइड आणखी घटतो, म्हणून तुमचा त्रास वाढतो.

आहात तिथेच थांबा. पहिल्यांदा श्वास सोडा. मग नाकानं ४ अंक मोजत हलका श्वास घ्या. पोट किंचित वर यावं, खांदे नकोत. ६ अंक मोजत सोडा. मध्ये रोखू नका. मिनिटाला साधारण ६ श्वास होतील; जड गेलं तर ३ आणि ४ अंक मोजा. ३ ते ५ मिनिटं पुरे. सराव एरवी, बरं असताना करायचा, रोज दोनदा.

एवढं करूनही बिघडतं ते एका कारणानं : प्रत्येक श्वासागणिक ‘गेला का अटॅक?’ असं तपासलं जातं. घड्याळात ठोके बघणं, बोटाला ऑक्सिमीटर लावणं त्यातलंच. श्वासाच्या सरावानं फक्त अतिश्वसन, म्हणजे गरजेपेक्षा जास्त होणारा श्वास, आवरायचा. अटॅक आपल्या वेळेनं जातो.

प्रश्न : लिफ्ट, गर्दी टाळतो. बाहेर जाताना पाण्याची बाटली, गोळी आणि सोबत कुणीतरी लागतं. असंच चालवलं तर?

उत्तर : चालेल, पण टाळायच्या जागा वाढत जातील. लिफ्टमधून बाहेर पडल्यावर बरं वाटतं आणि मेंदू त्याचं श्रेय बाहेर पडण्याला देतो. आत थांबलं असतं तरी ते ओसरलं असतं, हे त्याला कळतच नाही. बाटली आणि सोबतीचंही तेच.

भीती वाटणाऱ्या ८-१० प्रसंगांना ० ते १०० गुण द्या. ३०-४० गुणांच्या प्रसंगापासून सुरुवात करा, भीती उतरेपर्यंत थांबा, आठवड्यातून अनेकदा तेच करा. मग एकेक आधार सोडा. गोळी बहुधा सर्वांत शेवटी सुटते. वर्तनोपचारात याच्या जोडीला लक्षणं मुद्दाम आणवतात : खुर्चीत मिनिटभर गोल फिरणं, जागच्या जागी पळणं, बारीक स्ट्रॉमधून श्वास घेणं. धडधड आली, गेली, काही झालं नाही, हे अनुभवानंच पटतं. हृदयविकार, दमा, अपस्मार (फिट येणं) किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

प्रश्न : गोळ्यांची सवय लागते का?

उत्तर : अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या लगेच शांत करणाऱ्या गोळ्यांची लागू शकते, आणि रोज घेत असाल तर त्या एकदम बंद करणं धोक्याचं. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या रोज घ्यायच्या नैराश्यविरोधी गोळ्यांची तशी ओढ लागत नाही, तरी त्याही हळूहळूच कमी करतात. या दुसऱ्या गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत अस्वस्थता वाढू शकते. बरेच जण तिथेच औषध सोडतात, म्हणून डोस कमी ठेवून सुरुवात करतात. परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही साधारण वर्षभर औषध चालू ठेवतात. दारूनं मात्र त्या रात्री बरं वाटतं आणि ती उतरताना धडधड वाढते.