रिकाम्या ओळींचा क्रमांक

प्रश्न : लिनक्सवर ‘एनएल’ ही आज्ञा वापरून ओळींना दिलेले क्रमांक टेक्स्ट एडिटरमधील क्रमांकांशी जुळत नाहीत. असे का होते?

उत्तर : ‘एनएल’ एरवी रिकाम्या ओळी मोजत नाही, त्यामुळे चार ओळींच्या कडव्यानंतर एक ओळ मोकळी असेल, तर पुढची ओळ एडिटरमध्ये सहावी असते, पण येथे पाचवी ठरते. आज्ञेपुढे जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला जोडून बी व ए ही लहान इंग्रजी अक्षरे लिहिलीत, की प्रत्येक ओळ मोजली जाईल. कवितेसाठी मात्र मूळ पद्धतच मला योग्य वाटते. क्रमांकित मजकूर केवळ पडद्यावर दिसतो. तो जतन करताना कृपया नव्या नावाच्या फाइलमध्येच वळवा, कारण त्याच नावाने वळवल्यास वाचण्याआधीच मूळ फाइल रिकामी होते.