टीनएजर्ससाठी बुटांचा नवा ब्रँड: आठ लाखांत जाहिरात कशी करू?

13 ते 18 वयाच्या मुलामुलींसाठी पुण्यात बुटांचा ब्रँड आणताय, हाताशी आठ लाख आहेत, तर होर्डिंग घ्यावं की इन्स्टाग्राम, असं तुम्ही विचारलंय. मी बारा वर्षं जाहिरातीच्या धंद्यात आहे. माझं म्हणणं, दोन्ही थांबवा. आधी बूट पोरांच्या पायात जाऊ देत.

हे मी एका फसलेल्या कॅम्पेनमधून शिकले. कर्वे रस्त्यावर होर्डिंग लागलं, रील्स चालल्या, मुलं दुकानात आलीसुद्धा. पण 5 आणि 6 नंबरचे जोड पहिल्याच शनिवारी संपले आणि पुढचा माल यायला तीन आठवडे लागले. हट्ट करून आईला दुकानात आणलेला मुलगा रिकाम्या हाताने परतला, की तो हट्ट पुन्हा करत नाही. म्हणून साठा आल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

जूनमध्ये शाळा उघडताना जी खरेदी होते ती युनिफॉर्मच्या बुटांची, तिच्या मागे लागू नका. तुमचा हंगाम अकरावीच्या प्रवेशांचा. दहा वर्षं शाळेने सांगितलेले बूट घातलेले असतात आणि बऱ्याच ज्युनिअर कॉलेजांत युनिफॉर्म नसतो. त्या पहिल्या दिवसाला काय घालायचं, हा त्या वयात फार मोठा प्रश्न असतो. फक्त ते दिवस पावसाचे, तेव्हा पांढरा कॅनव्हास काढू नका.

त्याच सुमारास ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात. कमरेला ढोल बांधून तासन्‌तास उभं राहायचं, याहून कडक परीक्षा बुटाला कुठली? 200 जोड वापरायला द्या, अर्थात पालकांना विचारून. एक जोड तुम्हाला 700 रुपयांना पडत असेल तर हे 1 लाख 40 हजार झाले. बदल्यात रील मागू नका. टाच कुठे घासते, ओल्या फरशीवर सोल घसरतो का, एवढं विचारा आणि मिळालेली उत्तरं कारखान्यात पोचवा. अमेरिकेतला बास्केटबॉलपटू चक टेलर 1920च्या दशकापासून कॉन्व्हर्स या बूट कंपनीसाठी गावोगाव फिरून मुलांना बास्केटबॉल शिकवायचा आणि बूट विकायचा. पुढे त्याचं नावच बुटावर आलं. मैदानावर मिळवलेला विश्वास असा टिकतो.

इन्स्टाग्रामवर जरूर या, पण कायदा सांभाळून. 2023च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे. त्यांचा माग काढणं, त्यांना नेमकं हेरून जाहिरात दाखवणं त्यात निषिद्ध आहे. तेव्हा स्टॉलवर मुलांचे मोबाइल नंबर गोळा करू नका. पैसे देऊन करून घेतलेल्या पोस्टवर ‘जाहिरात’ असं लिहिलंच पाहिजे.

किंमत 2,500च्या आत ठेवा. सप्टेंबर 2025 पासून तिथपर्यंत जीएसटी 5 टक्के आहे, आणि पैसे शेवटी आईच देणार आहे. ‘हे बूट नाहीत तर तू मागे पडलास’ अशा सुराची ओळ मात्र कृपा करून लिहू नका. वडिलांना परवडत नाही हे माहीत असलेली चौदा वर्षांची मुलं ती वाचतात, आणि त्यांना ती लागते.

अजून एक, मुलींसाठी 3 आणि 4 नंबर भरपूर ठेवा, आणि ते गुलाबी सोडून इतर रंगांतही. माझी भाची गेली दोन वर्षं मुलांच्या रॅकवरून बूट घेते आणि आत जाड मोजे घालते.