प्रेरणा, स्फूर्ती की नुसतं ‘सुचलं’?

एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : ‘जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास मुंबईत काळा घोडा कला महोत्सव भरतो. त्याआधी कॉलेजच्या अंकासाठी काही लेखक-चित्रकारांशी बोलायचं आहे. “तुमची प्रेरणा काय?” असं विचारावं की “स्फूर्ती कुठून मिळते?” अर्थ एकच ना?’

अर्थ एकच नाही. ‘प्रेरणा’ आली ‘प्र + ईर्’मधून. ईर् म्हणजे हलवणं, चालवणं. प्रेरणेत मागून कुणीतरी लोटतं. म्हणून ती देता येते, घेता येते आणि एकदा मिळाली की वर्षानुवर्षं पुरते. हा शब्द वापरलात तर समोरचा माणूस आईवडिलांचं, गुरूंचं नाव घेईल. ते खरंच असेल, पण सगळ्या मुलाखती एकमेकींसारख्या होतील.

‘स्फूर्ती’ स्फुर् धातूची. मूळ अर्थ थरथरणं, फडकणं. ‘शाकुंतला’त आश्रमात शिरताना दुष्यंताचा बाहू स्फुरतो, तोच हा धातू. पोवाडा ऐकून स्फुरण चढतं तेही यातलंच. केशवसुतांनी कवितेला ‘स्फूर्ति’ असं नाव दिलं आणि पहिल्याच ओळीत काठोकाठ भरणारा पेला आणला. तिथे ‘प्रेरणा’ चाललीच नसती.

पण मला विचाराल तर दोन्ही बाजूला ठेवा आणि ‘सुचणं’ घ्या. या क्रियापदाची रचनाच बघा. ‘मला कविता सुचली’ यात कर्ता कविता आहे. कवी ‘ला’ प्रत्ययाच्या आडोशाला उभा. ‘मी कविता सुचलो’ असं कुणीही म्हणत नाही. ‘आपुलिया बळें नाहीं मी बोलत । सखा भगवंत वाचा त्याची’ असं तुकोबा म्हणतात, त्यातला भाव आपलं रोजचं व्याकरण न सांगता सांभाळतं. मला हे फार मोलाचं वाटतं.

शिवाय सुचण्याला हाताचं काम लागतं. ‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ ही म्हण मी प्रत्यक्ष पाहिली आहे. आजी दळायला बसली की आधी गप्पच असायची. दोन-चार मुठी दाण्यांची वैरण जात्यात पडायची, खुंटा हाताला बसायचा, घरघर एका लयीत यायची आणि मग ‘पहिली माझी ओवी’ निघायची. चुलीपाशी बसलेल्या आजीला ‘ओवी म्हण’ म्हटलं तर म्हणायची, ‘आता नाही आठवत बाई.’

एका मूर्तिकाराला मी एकदा ‘प्रेरणा’ विचारली होती. ते सावरून बसले आणि भाषणासारखं बोलू लागले. मग शेजारच्या मातीच्या बैलाकडे बोट दाखवून विचारलं, ‘याची मान अशी वळवायचं कसं सुचलं?’ लगेच हात पुढे आला. ‘माती ओली होती, मान आपोआप कलली. सरळ करायला गेलो, तर तशीच बरी दिसली.’ तुम्हाला अंकासाठी असं काहीतरी हवं आहे. तेव्हा एका चित्रावर, एका ओळीवर बोट ठेवा आणि ‘हे कशावरून सुचलं?’ एवढंच विचारा.

लिहिताना ‘अमुक घटनेपासून प्रेरित चित्र’ असंही करू नका. ‘घटनेवरून सुचलेलं चित्र’, ‘घटनेवर बेतलेलं नाटक’ हे आपल्याकडे आधीपासून आहे.