परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी केलेल्या आंतरराष्ट्रीय करारांचा आणि योजनांचा कामगाराला खरंच उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की इतके करार, ठराव आणि योजना असताना कामगाराच्या आणि त्याच्या देशाच्या पदरात नेमकं काय पडतं. माझं उत्तर असं आहे: काही ठिकाणी खूप पडतं, काही ठिकाणी जवळजवळ काहीच नाही. हा फरक ओळखायला मी कुठल्याही योजनेत सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधतो. ही नोकरी मिळवण्यासाठी पैसे कोणी मोजले?

पूर्वी मी या विषयाकडे घरी येणाऱ्या पैशांच्या बाजूने बघायचो. ते साहजिकही होतं, कारण आकडेच तसे आहेत. जागतिक बँकेच्या हिशेबाने 2023 मध्ये गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत परदेशस्थ माणसांनी सुमारे 656 अब्ज डॉलर पाठवले. जगभरातली सरकारी परकीय मदत याच्या निम्मीही भरत नाही. शिवाय हा पैसा मधल्या खात्यांतून झिरपत येत नाही, थेट घरात पोचतो. मग बांगलादेशच्या सांख्यिकी विभागाची 2020 ची पाहणी वाचनात आली. तिथून परदेशी गेलेल्या माणसाला जाण्याचा खर्च भरून काढायला सरासरी सतरा महिन्यांहून जास्त पगार लागत होता. म्हणजे पहिलं दीड वर्ष तो सावकारासाठी आणि एजंटसाठी राबतो. या काळात पगार थकला, मालकाने मारहाण केली, काम सांगितल्यापेक्षा वेगळं निघालं, तरी तो परत येऊ शकत नाही, कारण घरी कर्ज उभं असतं. ते वाचल्यापासून माझा क्रम बदलला. आधी कर्ज, मग बाकीचं.

कागदावर हे सगळ्यांनी कधीच मान्य केलेलं आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1997 च्या 181 क्रमांकाच्या करारात खासगी भरती संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये, असं स्पष्ट लिहिलंय (काही अपवादांची सोय ठेवून). संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत तर कामगाराने भरतीसाठी केलेला खर्च त्याच्या तिथल्या महिन्याच्या पगाराच्या किती पट आहे, हे मोजण्याचा निर्देशांकच आहे. त्याच उद्दिष्टांत पैसे पाठवण्याचा खर्च 2030 पर्यंत 3 टक्क्यांच्या खाली आणायचं ठरलंय. प्रत्यक्षात जगाची सरासरी अजून 6 टक्क्यांच्या वर आहे. दोनशे डॉलर पाठवले की बारा-तेरा डॉलर वाटेतच जातात.

मग हे जमलंय कुठे? मला सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण दक्षिण कोरियाचं वाटतं. तिथे आधी परदेशी कामगार 'प्रशिक्षणार्थी' म्हणून आणले जायचे, पण कामाला जुंपायचे कारखान्यातच. एजंटला पैसे देऊन आलेला माणूस कर्ज फेडण्यासाठी ठरलेली जागा सोडून जास्त पगार मिळेल तिकडे पळायचा आणि तिथेच बेकायदा ठरायचा. 2004 मध्ये एम्प्लॉयमेंट परमिट सिस्टीम आली. कोरियाचं सरकार पाठवणाऱ्या देशाच्या सरकारशी थेट सामंजस्य करार करतं, खासगी एजंटला यात जागाच नाही. कोरियन भाषेची परीक्षा द्यायची, पास झालात की यादीत नाव आणि त्या यादीतून मालक माणूस निवडतो. जाण्याचा सरासरी खर्च 2001 मध्ये साडेतीन हजार डॉलरच्या घरात होता, तो दहा वर्षांत हजाराच्या खाली आला. किमान वेतनाचा कायदा स्थानिक कामगारासारखाच लागू झाला.

पण तिथेही एक गोष्ट मला खटकते. मालक बदलायला बंधनं आहेत, कुटुंब सोबत नेता येत नाही, आणि सलग मुक्काम चार वर्षं दहा महिन्यांचा. सलग पाच वर्षांचं वास्तव्य ही नागरिकत्वासाठीची एक अट आहे, ती पूर्ण होऊ नये म्हणून हे दोन महिने राखलेले आहेत. माणूस हवा, पण तो तिथला व्हायला नको, ही भूमिका त्यात उघड दिसते.

न्यूझीलंडची 2007 पासूनची हंगामी योजना लहान आहे, पण नीट तपासली गेलेली. टोंगा, वानुआटू अशा बेटांवरची माणसं फळबागांत काही महिने काम करून परततात, आणि विमानभाड्याचा अर्धा भार मालकावर असतो. या दोन बेटांवर केलेल्या अभ्यासात सहभागी कुटुंबांचं माणशी उत्पन्न तीसेक टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. चांगलं काम करणाऱ्याला पुढच्या हंगामात तोच मालक पुन्हा बोलावतो, त्यामुळे दोघांनाही एकमेकांशी नीट वागण्यात फायदा दिसतो.

याच्या उलट टोकाला मेक्सिकोतल्या मजुरांना अमेरिकेतल्या शेतांवर कामाला नेणारा 1942 ते 1964 चा ब्रासेरो कार्यक्रम. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले 10 टक्के 'बचत' म्हणून कापले, मायदेशी परतल्यावर देऊ म्हणून. अनेकांना ते कधीच मिळाले नाहीत. भरपाईसाठी मेक्सिकोने निधी उभा केला तो 2005 मध्ये, तोवर कित्येक जण वारले होते.

मोठ्या जागतिक करारांबद्दल थोडक्यात सांगतो. स्थलांतरित कामगारांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार 1990 चा, अमलात आला 2003 मध्ये. अमेरिका, युरोपीय संघातले देश, आखाती सहकार्य परिषदेतले देश, यांपैकी एकानेही तो स्वीकारलेला नाही. सही केली ती मुख्यतः माणसं पाठवणाऱ्या देशांनी. 2018 च्या जागतिक स्थलांतर कराराच्या बाजूने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 152 देशांनी मत दिलं, विरोधात फक्त 5, पण तो कायद्याने बंधनकारक नाही. तरी मी त्याला निरुपयोगी म्हणणार नाही. त्यातली 23 उद्दिष्टं पुढे ठेवून संघटना आपापल्या सरकारला जाब विचारू शकतात. आणि दबावाने बदल होतो हे कतारमध्ये दिसलं. कफाला पद्धतीत, म्हणजे कामगाराचा तिथला मुक्काम एकाच मालकाशी बांधणाऱ्या व्यवस्थेत, नोकरी बदलायला जुन्या मालकाचा दाखला लागायचा, 2020 मध्ये ती अट कायद्यातून काढली गेली. अंमलबजावणीबद्दलच्या तक्रारी त्यानंतरही येत राहिल्या.

तुम्ही अभ्यासासाठी एखादा द्विपक्षीय करार निवडणार असाल, तर प्रस्तावनेतली 'परस्पर सहकार्या'ची पानं ओलांडून थेट तीन कलमांवर जा: भरतीचं शुल्क आणि तिकीट कोणाच्या माथी, नोकरी बदलायला कोणाची परवानगी, आणि पगार थकला तर कामगाराने कुठे आणि कुठल्या भाषेत तक्रार करायची. तिसरं कलम बऱ्याचदा सापडतच नाही. तसं झालं तर अभ्यासाची सुरुवात तिथूनच करा.