अंतःस्तर, अस्तर की कलई?

पंचवटीतल्या एका वाचकाने विचारलं आहे: "आईला किरणोपचार सुरू व्हायचे आहेत. दवाखान्यातून मिळालेल्या पत्रकात लिहिलंय, 'प्रारणामुळे वाहिन्यांच्या अंतःस्तरीय कोशिकांवर परिणाम होऊन त्या अरुंद होऊ शकतात.' घरात कुणालाच कळलं नाही. याला साधी मराठी नाही का? आणि आई याला 'शेक' म्हणते, ते चूक आहे का?"

'कोशिका'चा निकाल पटकन लावू. आपल्याकडे शाळेपासून सगळे 'पेशी' म्हणतात. 'कोशिका' विश्वकोशात भेटते, पण रोजच्या वापरात ती हिंदीकडची. हिंदीत 'पेशी' म्हणजे स्नायू (मांसपेशी), आणि जुन्या अर्थाला हिंदीच धरून आहे. सुश्रुताने शरीरात 500 पेशी सांगितल्या त्या मांसाच्याच. आपण मात्र स्नायूला 'स्नायू' म्हणून 'पेशी' मोकळी केली आणि तिला नवं काम दिलं. दिलं ते दिलं. पत्रकात 'पेशी'च हवी.

'प्रारण' म्हणजे रेडिएशन. पारिभाषिक म्हणून ते बरोबर आहे, पण परीक्षेबाहेर ते कुणी उच्चारत नाही. त्याच्या जागी 'किरणोत्सर्ग' लिहितात, ते मला जास्त खटकतं. पदार्थातून आपोआप किरण बाहेर पडत राहणं म्हणजे किरणोत्सर्ग. लिनॅक या किरण सोडणाऱ्या यंत्राने बाहेरून उपचार घेतलेल्या माणसात तसं काही उरत नाही. यंत्र बंद, किरण बंद. तरी हा शब्द वाचून नातवंडांना आजीजवळ जाऊ न देणारी घरं मी पाहिली आहेत. 'किरणोपचार' किंवा सरळ 'रेडिएशन' म्हणावं.

आता मुख्य शब्द. 'अंतःस्तर' हा शब्द अवघड वाटतो, पण मूळ शब्दापेक्षा तो शहाणा आहे. 'एंडोथेलियम' हे नाव स्विस शरीरशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांनी 1865 साली 'एपिथेलियम'वरून (शरीराच्या पृष्ठभागांवरचा पेशींचा थर) घडवलं, आणि त्यातलं 'थेले' म्हणजे ग्रीकमध्ये स्तनाग्र! शब्दशः अर्थ लावायला गेलं तर रक्तवाहिनीत स्तनाग्र सापडतं. आपला 'आतला थर' निदान खरं बोलतो.

घरात समजावण्यासाठी 'अस्तर' हा फारसीतून आलेला शब्द मला आवडतो. ब्लाऊजला, कोटाला असतं तसं: बाहेर कापड, आत मऊ अस्तर. मोठ्या धमनीला तो चपखल बसतो, कारण तिच्या भिंतीला तीन थर असतात आणि सगळ्यात आतला हा. 'आतील आवरण' असंही वाचलंय; आवरण बाहेरून असतं हो! केशवाहिनीपाशी मात्र 'अस्तर' फसतं. तिचा व्यास जेमतेम 5 ते 10 मायक्रॉन, आणि भिंत म्हणजे जवळजवळ नुसत्या याच पेशींचा एकेरी थर. कधी तर एकच पेशी वळून नळी होते. कापड नाहीच, अस्तर हेच वस्त्र.

शिवाय अस्तर काही करत नाही, नुसतं असतं. या पेशी सतत राबतात. म्हणून मला जुन्या नाशकातली कलई आठवते. आजी पितळी पातेली घेऊन तांबट लेनकडे जायची, मी मागे. कलईवाला भात्याने निखारे फुलवायचा, भांडं तापलं की आत नवसागर टाकायचा, पांढऱ्या धुराचा लोट नाकात जायचा, मग कथिलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एक फेरा, आणि काळंपिवळं पातेलं आतून चांदीसारखं. त्या पातळ थरावाचून ताक कळकायचं. रक्ताचंही असंच. या पेशींचा थर शाबूत असेल तोवर रक्त वाहिनीत सहसा गोठत नाही. तो गेला की अक्षरशः पितळ उघडं पडतं, खालच्या कोलॅजेन नावाच्या तंतूंना रक्तातल्या प्लेटलेट चिकटतात आणि गुठळी धरते. कथील निर्जीव, एवढाच उपमेतला दोष. या पेशी गुठळी रोखणारे पदार्थ स्वतः बनवतात, शिवाय वाहिनीला सैल करणारा नायट्रिक ऑक्साइडही. त्याचं हे काम शोधून काढल्याबद्दल 1998 चं नोबेल मिळालं.

किरण पडले की काही तासांतच या पेशी सुजतात, त्यांच्यामधल्या फटी रुंदावतात, पाणी बाहेर झिरपतं, आणि एरवी घसरून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटू लागतात. पण मोठं नुकसान सावकाश दिसतं. किरणांनी डीएनए तुटलेला असतो, तरी पेशी लगेच मरत नाही. विभागायची वेळ आली की अडते. आणि या पेशी क्वचितच विभागतात. म्हणून काही महिन्यांनी, वर्षांनी केशवाहिन्या विरळ होतात, उरलेल्यांतल्या काही फुगून त्वचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा दिसतात, मोठ्या वाहिनीचा आतला थर जाड होऊन ती अरुंद होते. जबड्याला किरण द्यायचे असतील तर खराब दात आधीच काढतात ते यासाठीच: नंतर तिथला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो, दात काढल्याची जखम नीट भरत नाही. पत्रकातलं 'होऊ शकतात' मात्र नीट वाचा. सगळ्यांना होतं असं ते म्हणत नाही, आणि उपचार टाळा असं तर मुळीच नाही. तुमच्या आईंच्या बाबतीत कोणती वाहिनी किरणांच्या वाटेत येते, ते डॉक्टरांनाच विचारा.

राहिला 'शेक'. अर्थाच्या दृष्टीने तो चूक. अनेक गाठींना रोज 2 ग्रे असे 30 वेळा किरण देतात. ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप; 1 ग्रे म्हणजे किलोमागे 1 जूल ऊर्जा. सगळे 60 ग्रे एका दमात दिले असं धरलं तरी तिथलं तापमान एका अंशाच्या सत्तराव्या भागाइतकं वाढेल. याला शेक म्हणणं म्हणजे चंद्राच्या उजेडात पापड वाळवणं. पण त्वचा लाल होते, काळवंडते, सोलते, म्हणून लोकांना भाजल्यासारखं वाटतं आणि हा शब्द तोंडी बसतो. आणि गंमत अशी, की 'प्रकरण शेकलं' म्हणतो तेव्हा आपल्या मनात उष्णता नसतेच. आज केलेलं पुढे कधीतरी अंगाशी येणं असतं. वाहिन्यांचं नेमकं तेच होतं. अर्थाने हुकलेला शब्द वाक्प्रचाराने लागला.

पत्रक मी असं लिहिलं असतं: 'किरणोपचारांमुळे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींना इजा होऊ शकते. त्यामुळे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्या भागातल्या वाहिन्या अरुंद होऊ शकतात.' आईंना 'शेक' म्हणू द्या, सुधारायला जाऊ नका. फक्त शेकच आहे म्हणून कुणी त्या जागी गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. तिथली त्वचा नाजूक झालेली असते, ती खरोखरची भाजेल.