उन्हाळा सरताना जुन्या मित्रांसोबत खानदेशात कुठे मुक्काम करावा?

आपण विचारले आहे की, शाळेतील पाच मित्रांना, सगळे पन्नाशीच्या आसपासचे, मे महिन्याच्या अखेरीस खानदेशात एक रात्र तंबूत आणि एक सकाळ डोंगरावर घालवायची आहे. तर त्यांनी कुठे जावे आणि कोणती काळजी घ्यावी. याच दिवसांत आम्ही चौघे वर्गमित्र पाटणादेवीला गेलो होतो, म्हणून तेथलाच अनुभव सांगतो.

पाटणादेवी चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटरवर, गौताळा औट्रमघाट अभयारण्यात आहे. अभयारण्यात मनाला येईल तेथे तंबू ठोकता येत नाही, त्यामुळे वनखात्याच्या विश्रामगृहाची चौकशी आधी करावी किंवा आमच्याप्रमाणे अभयारण्याच्या हद्दीबाहेर, एखाद्या शेतकऱ्याची परवानगी घेऊन, त्याच्या मळ्यात मुक्काम करावा. विहिरीचे पाणी आणि अडचणीच्या वेळी हाक मारायला माणूस, या दोन्ही सोयी मळ्यातच मिळतात. चूल आम्ही पेटवली नाही, कारण त्या दिवसांत सागाचा पाचोळा इतका वाळलेला असतो की एका ठिणगीने वणवा लागू शकतो. घरून आणलेली कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, ठेचा आणि कांदा एवढ्यावर रात्रीचे जेवण उत्तम झाले.

चढाईसाठी कन्हेरगड निवडावा. वाटेत नागार्जुन कोठी आणि सीतेची न्हाणी ही लेणी आहेत, माथ्यावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. मात्र उन्हाळ्यात त्या पाण्याच्या भरवशावर जाऊ नये. आमची चूक वेळेची झाली. रात्री गप्पांत दोन वाजले, सकाळी निघायला साडेआठ झाले आणि मळ्याच्या मालकाने ‘भाऊ, पानी जास्ती ल्या’ असे बजावूनही आम्ही माणशी एकच लिटर पाणी घेतले. उतरताना अकराच्या उन्हात आमच्यातील एकाच्या पोटऱ्यांत गोळे आले, त्याला गरगरू लागले आणि त्याने चालणे थांबवले. लेण्याच्या सावलीत निजवून, ओल्या पंचाने अंग पुसून, क्षारसंजीवनीचे (ओआरएसचे) घोट थोडे थोडे पाजल्यावर तासाभराने तो उठला. त्या तासात आम्ही तिघे किती घाबरलो होतो, हे मी आजही विसरलेलो नाही. त्याचे बोलणे असंबद्ध झाले असते किंवा अंग तापून शुद्ध हरपू लागली असती, तर तो उष्माघात ठरला असता आणि त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे लागले असते.

म्हणून आपण पहाटे साडेपाचला पहिले पाऊल टाकावे आणि नऊच्या आत खाली यावे. माणशी किमान तीन लिटर पाणी घ्यावे आणि क्षारसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यातच विरघळवावी. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आपल्या वयात हे संकोचाने टाळले जाते. ज्याची चाल सर्वांत मंद असेल त्याला पुढे ठेवावे. तरुणपणी सर्वांत पुढे पळणारा मित्रच आता दमलो आहे असे सांगत नाही, असे मी पाहिले आहे.

या दिवसांत दुपारनंतर वळवाचे ढगही भरून येतात. तंबू एकट्या झाडाखाली लावू नये आणि वीज चमकल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर मोटारीत किंवा पक्क्या घरात जावे. पितळखोऱ्याची लेणी त्याच डोंगररांगेत असली तरी तेथपर्यंतची पायपीट हिवाळ्यासाठी राखून ठेवावी. केदारकुंडाचा धबधबाही मेमध्ये कोरडा असतो.

त्याऐवजी उतरल्यावर पाटणला, म्हणजे पाटणादेवीच्या देवळाच्या परिसरात, सावकाश वेळ घालवावा. गणिती भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापला, असे १२०७ सालचा येथील शिलालेख सांगतो. त्याच्या शेवटच्या मराठी भागात पाटणच्या बाजारातील मालावर मठाला काय द्यावे, याचीही नोंद आहे. आमचा आजारी मित्र शाळेत गणितात सदैव पहिला येत असे. चंडिकादेवीच्या, म्हणजे पाटणादेवीच्याच, देवळाच्या थंड ओट्यावर बसून त्याने आम्हाला भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथातील भुंग्यांचे उदाहरण तोंडी सोडवून दाखवले, तेव्हा तो पूर्ण बरा झाल्याची आमची खात्री पटली.